आधी रेघ, मग रक्त

बर्लिनच्या डालेम भागात इनेश्ट्रासे नावाचा रस्ता आहे. तिथल्या २२ क्रमांकाच्या इमारतीत आज फ्री युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकणारी मुलं ये-जा करतात. १९२७ साली याच इमारतीत कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली. मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन (निवडक माणसांनाच मुलं होऊ देऊन 'वंश सुधारण्याचं' तथाकथित शास्त्र) हे तिचे जोडविषय, आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक. संस्था नवीकोरी असतानाच पुण्याहून विशीतली एक बाई तिथे पीएच.डी. करायला गेली. इरावती कर्वे. जन्म ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या नदीचं, मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्ये सरांकडे शिक्षण, नवरा फर्ग्युसन कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक. सासरे महर्षी कर्वे. सुनेनं जर्मनीला जाऊ नये असं खुद्द त्यांचं मत होतं. शेवटी जीवराज मेहतांकडून कर्जाऊ पैसे घेऊन बाई गेल्या.

आपल्याकडे इरावतीबाई आठवतात त्या महाभारतावरच्या लेखनासाठी, ललित लेखांसाठी, नाहीतर पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून. मला त्या आठवतात त्या बर्लिनमधल्या. समोर कवटी, हातात मोजमापाची साधनं. फिशर यांनी त्यांना जो विषय दिला होता त्याच्या मागे एक ठाम समजूत होती. गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी जास्त तर्कशुद्ध. मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असल्यामुळे त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. इतर वंशांत हा असमतोल दिसणार नाही. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं होतं, विद्यार्थिनीनं फक्त आकडे आणून द्यायचे होते.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. डावी बाजू, उजवी बाजू, पुन्हा डावी. आकडे मांडल्यावर दिसलं ते असं, की कवटीतला असमतोल सगळ्याच माणसांत असतो आणि त्याचा वंशाशी काहीही संबंध लागत नाही. त्यांनी ते तसंच लिहिलं. गुरूला डिवचलं नाही, पण गुरूला हवं होतं ते लिहूनही दिलं नाही. फिशर यांनी त्यांना जेमतेम पास होण्यापुरती श्रेणी दिली, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलंय. परक्या देशात, परक्या भाषेत, डोक्यावर कर्ज आणि पुढ्यात पदवी असताना आपल्या मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताविरुद्धचे आकडे तसेच्या तसे ठेवायला काय लागत असेल, याचा विचार मी वारंवार करते.

कारण फिशर म्हणजे कुणी साधे प्रोफेसर नव्हेत. १९०८ साली ते जर्मनीच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, रेहोबोथला गेले आणि बोअर पुरुष व खोईखोई स्त्रियांच्या मिश्र संततीची मोजमापं घेऊन आले. मिश्र विवाह घातक असतात, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. त्याच भूमीवर १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्यानं हेरेरो आणि नामा लोकांचं हत्याकांड केलं होतं, आणि मेलेल्यांच्या कवट्या संशोधनासाठी पेटाऱ्यांतून बर्लिनला धाडल्या होत्या. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले तेव्हा फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे कुलगुरू, झाले. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्यातले आफ्रिकन शिपाई ऱ्हाइनकाठी होते. त्यांच्यापासून जर्मन बायकांना झालेल्या सुमारे ४०० मुलांची १९३७ साली गुपचूप नसबंदी केली गेली, त्या मुलांच्या 'वंश-तपासणी'त फिशर यांच्या संस्थेचा हात होता. पुढे त्यांच्या जागी फेअरशुअर आले. ऑशविट्झच्या छळछावणीत कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टर मेंगेलेचे ते गुरू.

२०१४ साली त्या इमारतीजवळ खोदकाम चालू असताना मानवी हाडं निघाली. नंतरच्या उत्खननात सुमारे १६,००० तुकडे सापडले. ही कुणाची? आफ्रिकेतून आणलेल्यांची, की छळछावण्यांतल्या ज्यूंची, की रोमा-सिंती या भटक्या समाजांतल्या लोकांची? विद्यापीठानं या समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून ठरवलं, की डीएनए वगैरे काढून ही हाडं आता पुन्हा गटांत वाटायची नाहीत. मार्च २०२३ मध्ये सगळी एकत्र पुरली. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. शास्त्रज्ञ असूनही 'हे आम्ही तपासणार नाही' म्हणायची जागा असते, ती त्यांनी ओळखली.

मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. रक्तगटाच्या प्रॅक्टिकलला वर्गात जी धांदल असते ती इतर कुठल्याच प्रयोगाला नसते. अनामिकेला स्पिरिटचा बोळा, लॅन्सेटची टोच, 'आई गं', आणि काचेवर तीन थेंब. निळं ते अँटी-ए, पिवळं ते अँटी-बी, बिनरंगाचं ते अँटी-डी. काडीनं ढवळायचं आणि बघत राहायचं. ज्या थेंबात रक्ताच्या बारीक गुठळ्या दिसतात तो गट. दरवर्षी फळ्यावर तक्ता भरताना मुलं शेजारच्याचा गट आधी विचारतात. जिवलग मैत्रिणींचे जुळत नाहीत. एकमेकांशी अबोला असलेल्या दोघांचे तंतोतंत जुळतात. सख्ख्या भावाचं रक्त बहिणीला चालत नाही आणि मागच्या बाकावरच्या, कधी न बोललेल्या मुलाचं चालतं.

याच प्रयोगाची एक मोठी आवृत्ती पहिल्या महायुद्धात सलोनिकाला झाली. ग्रीसच्या त्या बंदरात दोस्त राष्ट्रांच्या फौजा येऊन पडल्या होत्या. इंग्रज, फ्रेंच, सर्ब, रशियन, सेनेगलचे, मादागास्करचे, व्हिएतनामचे, आणि आपले हिंदुस्थानी शिपाई. लुडविक आणि हान्का हिर्शफेल्ड या पोलिश डॉक्टर दाम्पत्यानं सोळा गटांतल्या सुमारे ८,००० जणांचे रक्तगट तपासले आणि १९१९ मध्ये ते छापले. इंग्रजांत ए पुष्कळ, बी थोडा. हिंदुस्थानी शिपायांत बी सगळ्यात जास्त. तेव्हा अनेकांना वाटलं, आता वंशाचा रासायनिक पुरावाच हाती आला. पण तक्ता नीट वाचा: एकही गट असा नव्हता की ज्यात फक्त ए आहे किंवा फक्त बी आहे. चारही गट सगळीकडे. बदलत होतं ते प्रमाण. आणि त्या प्रमाणावरून लोक लावायला जावं तर सेनेगलचे आणि व्हिएतनामचे शिपाई एकाच रांगेत येत होते. चेहऱ्यावरून केलेली वाटणी रक्त मानायला तयार नव्हतं. पुढे वीसेक वर्षांनी लुडविक हिर्शफेल्ड यांना 'ज्यू रक्ताचा' म्हणून वॉर्सॉच्या घेट्टोत कोंडलं गेलं. जगभरच्या माणसांचं रक्त ज्यानं तपासलं होतं त्याला. तिथून निसटून ते वाचले.

मागच्या वर्षी या सगळ्यावर बोलत असताना एका मुलानं हात वर केला. 'मॅडम, मग ती थुंकी पाठवून करतात ती टेस्ट? अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाला त्यांनी बरोब्बर साउथ एशियन सांगितलं. वंश नाहीच तर त्यांना कळलं कसं?'

प्रश्न नेमका होता, आणि त्याला 'सगळी माणसं सारखीच' असं गोडगोड उत्तर देणं म्हणजे त्या मुलाची फसवणूक. माणसं सारखी नाहीत. फरक खरे आहेत, मोजता येतात, त्यांवरून माणसाचे पूर्वज साधारण कुठले हेही सांगता येतं. वाद त्याबद्दल नाहीच. वाद आहे तो असा, की या फरकांच्या मध्ये कुठे चार-पाच ठळक रेषा आहेत का, ज्यांना गोरा, काळा, पिवळा अशी नावं देता येतील.

जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली हे पहिल्यांदा हिशेबात मांडलं. रक्तगट, रक्तातली प्रथिनं, विकरं अशा १७ जनुकांचे जगभरचे आकडे घेतले आणि विचारलं, माणसामाणसांतलं एकूण वैविध्य १०० धरलं तर त्यातलं कुठे किती आहे? उत्तर आलं: ८५.४ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत. ८.३ टक्के एकाच 'वंशा'तल्या वेगवेगळ्या समूहांत. वंशावंशांमध्ये उरलं ६.३ टक्के. म्हणजे उद्या पृथ्वीवर फक्त एका प्रदेशातली माणसं वाचली, तरी मानवजातीचं बहुतेक सगळं वैविध्य त्यांच्याजवळ असेल. २००२ मध्ये रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ५२ लोकसमूहांतल्या १,०५६ जणांचे ३७७ अनुवांशिक खुणांवरून हिशेब केले. समूहाच्या आतलं वैविध्य आणखीच जास्त निघालं, ९३ ते ९५ टक्के.

पण त्याच रोझेनबर्गच्या अभ्यासातला दुसरा भाग वंशवादी मंडळी हौसेनं दाखवतात. संगणकाला 'या माणसांचे पाच गट कर' म्हटलं तर त्यानं साधारण खंडांप्रमाणे पाच गट केले. संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये लेवॉन्टिन यांच्यावर हाच आक्षेप घेतला: एकेका जनुकावरून नाही कळणार, पण शेकडो खुणा एकत्र पाहिल्या की माणूस कुठला ते कळतं. आक्षेप बरोबर आहे. मी तो मुलांना सांगते. मात्र पुढचंही सांगते. सहा गट करायला सांगितलं तेव्हा सहावा 'वंश' निघाला तो कलाश लोकांचा, पाकिस्तानातल्या चित्रालच्या खोऱ्यांतले काही हजार लोक. जितके गट मागाल तितके मिळतात. खुणा आणखी वाढवल्या तर युरोपातल्या माणसाचं मूळ ठिकाण काहीशे किलोमीटरांच्या आत दाखवता येतं, ते २००८ मध्ये करूनही झालं. म्हणून काय प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा वंश मानायचा?

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. सावंतवाडीहून निघालेला माणूस गावागावांत मुक्काम करत गोंदियाला पोहोचला, तर बोली पार बदललेली असेल, पण 'इथे एक संपली आणि इथे दुसरी लागली' असा दगड त्याला रस्त्यात कुठेच दिसणार नाही. सावंतवाडीचा माणूस थेट गोंदियाला उतरवला तर मात्र त्याला वाटेल, हे लोकच निराळे. जहाजांतून थेट दुसऱ्या किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपीयांचं हेच झालं. मधली गावं त्यांनी पाहिलीच नाहीत.

आणि आफ्रिका! या विषयात तिथे थांबायलाच हवं. आपण सगळे तिथून निघालो. आफ्रिकेबाहेरच्या माणसांचे पूर्वज साधारण ५०-६० हजार वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मंडळी, मूळ लोकसंख्येचा एक लहानसा हिस्सा. त्यामुळे सगळ्यात जास्त अनुवांशिक वैविध्य आजही आफ्रिकेतच आहे. कालाहारीतले सान आणि पश्चिम आफ्रिकेतले योरुबा यांच्या वाटा ज्या काळी वेगळ्या झाल्या, त्याच्या कितीतरी नंतर आपण आणि चिनी, आपण आणि स्वीडिश वेगळे झालो. म्हणजे मानववंशाच्या झाडाला खरोखर पाच फांद्या करायच्याच, तर त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत निघतील आणि उरलेलं सगळं जग, गोरं, पिवळं, गव्हाळ, एकाच फांदीवर येईल. 'काळा' नावाची फांदी त्यात सापडतच नाही. पापुआचे लोक रंगानं, केसांनी आफ्रिकन वाटावेत असे, पण रक्तानं आफ्रिकेपासून फार दूर आणि पूर्व आशियाच्या जवळचे.

रंगाचं म्हणाल तर तो विषय माझ्या घरातला. माझी आई सावळी, मावशी गोरी. दोघी सख्ख्या, दीड वर्षाच्या अंतरानं जन्मलेल्या. मावशीला पहिल्याच स्थळानं होकार दिला. आईच्या वेळी आजी प्रत्येक पत्रात 'रंग उजळ नाही, पण नाकीडोळी नीटस' असं घालत असे. आई आता सत्तरीच्या पुढे आहे आणि अजूनही फोटो काढताना मावशीच्या शेजारी उभी राहत नाही. मध्ये कुणाला तरी उभं करते.

२००५ साली अमेरिकेत झेब्रा माशावर काम करताना एका जनुकाचा शोध लागला. त्याच्या डीएनएतलं फक्त एक अक्षर बदललं की त्वचेतलं काळं रंगद्रव्य कमी होतं. एसएलसी२४ए५ असं त्याचं रुक्ष नाव. युरोपात हा बदल जवळजवळ प्रत्येकात आहे. भारतातही तो सर्वत्र आहे, वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की आपला आणि युरोपीयांचा हा बदल एकाच मुळाचा आहे. घरात आईवडील दोघांकडे त्याची एकेक प्रत असेल तर एका लेकीला दोन्ही मिळतात, दुसरीला एकही नाही. रंग ठरवणारी जनुकं आणखी बरीच आहेत, म्हणून माझ्या आई-मावशीचं नेमकं हेच झालं असं मी म्हणणार नाही. पण होऊ शकतं ते असं: मावशीच्या त्या एका अक्षराचा जोडीदार स्टॉकहोममध्ये आणि उरलेल्या सगळ्या पोथीचा जोडीदार शेजारच्या खाटेवर झोपलेली सावळी बहीण. त्या एका अक्षरावरून हुंडा ठरला. २०१७ मध्ये तर इथिओपिया, टांझानिया, बोत्स्वानातल्या लोकांच्या अभ्यासातून निघालं, की त्वचा उजळ करणारे आणि गडद करणारे, दोन्ही प्रकारचे कित्येक बदल आफ्रिकेतच लाखो वर्षांपासून आहेत. ऊन प्रखर तिथे गडद कातडी फोलेट हे जीवनसत्त्व जपते, ऊन कमी तिथे उजळ कातडी ड जीवनसत्त्व बनवू देते. त्वचेच्या रंगाचा नकाशा बराचसा उन्हाचा नकाशा आहे.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात या रेषांचं काय झालं तेही सांगायला हवं. तिथे नागरिकत्व 'गोऱ्या' माणसाला आणि आफ्रिकन वंशाच्या माणसाला मिळायचं. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला कोर्टानं सांगितलं: तुझी कातडी गोरी असेल, पण गोरा म्हणजे कॉकेशियन, तू तो नाहीस. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ उभे राहिले. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित. म्हणाले, शास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानी कॉकेशियनच, मग द्या नागरिकत्व. त्याच कोर्टानं, त्याच न्यायमूर्ती सदरलंड यांच्या लेखणीनं निकाल दिला की शास्त्र काय म्हणतं ते बाजूला राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणत नाही तो गोरा नाही. एका खटल्यात शास्त्राचा दाखला, पुढच्याच खटल्यात शास्त्र रद्द. बाहेर कुणाला ठेवायचं ते पक्कं होतं, कारण मात्र बदलत होतं.

आता आपल्याकडे येते, कारण इथे येताना माझी घालमेल होते. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले लोकांची नाकं मोजत असत. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले १००. नाक जितकं धारदार तितकी जात वरची, असा त्यांचा दावा. अख्ख्या हिंदुस्थानचे त्यांनी सात वंश केले. आपल्या वाट्याला 'सिथो-द्रविड' हे लेबल आलं. घुर्ये यांनी १९३२ मध्ये तेच आकडे पुन्हा तपासले आणि दाखवलं, की संयुक्त प्रांत सोडला तर हा हिशेब कुठेच जुळत नाही. आणि १९४८ साली डॉ. आंबेडकरांनी याच नाकांच्या आकड्यांवरून दाखवलं, की एका प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड. माणसाला खाली ढकलायला बनवलेली मोजपट्टी त्यांनी तिच्याच मालकांपुढे धरली.

पण माझ्या मते बाबासाहेबांचं याहून मोठं काम ९ मे १९१६ चं आहे. कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविशीत, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातींवर निबंध वाचला. हे गोल्डनवायझर फ्रान्झ बोआस यांचे शिष्य, आणि बोआस म्हणजे कवटीचा आकार परिस्थितीनं बदलतो हे स्थलांतरितांची मुलं मोजून दाखवणारे. त्या निबंधात आंबेडकरांनी जातीचं मूळ रक्तात शोधलंच नाही. जातीचा गाभा त्यांनी सांगितला तो एकच: आपसांतच लग्न. बाहेर लग्न करायची बंदी आली की जात उभी राहते, आणि ती बंदी टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळं लागतं.

शंभर वर्षांनी डीएनएनं काय सांगितलं? २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी मांडलं, की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडात प्रचंड सरमिसळ झाली. दूरदूरच्या आदिवासी समूहांपासून वरच्या म्हणवणाऱ्या जातींपर्यंत जवळजवळ सगळ्यांत ते मिश्रण आहे. आणि मग सरमिसळ थांबली. लग्नाची दारं बंद झाली. ती इतकी घट्ट बंद झाली, की आज जातीजातींच्या जनुकांत त्या बंद दारांचे ठसे मोजता येतात. आंध्रातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरलं जाणारं एक औषध काहींच्या शरीरातून लवकर निघत नाही, त्यांचा श्वास सुरू व्हायला वेळ लागतो. त्या समाजातल्या फार थोड्या पूर्वजांपासून शतकानुशतकं आपसांत लग्नं होत आल्याचा हा परिणाम.

हे वाचून काही लोक म्हणतात, बघा, जात जनुकांत आहे. मला या वाक्याचा राग येतो. क्रम उलटा आहे. माणसांनी आधी रेघ ओढली, पोरींना त्या रेघेच्या आत डांबलं, आणि दोन हजार वर्षांनी ती रेघ रक्तात उतरली. रक्तात आधी काही वेगळं होतं म्हणून रेघ ओढावी लागली, असं झालेलं नाही.

इरावतीबाईंनी पुढे आयुष्यभर महाराष्ट्रातले लोक मोजले. डेक्कन कॉलेजातून त्या गावोगाव जात, उंची, डोकं, नाक, रक्तगट. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींचा अभ्यास छापला. दर्जा एकच, तरी आपसांत लक्षणीय फरक. जात म्हणजे नातेवाइकांचं पसरलेलं कुटुंब, हे त्यांचं म्हणणं त्यातून पुढे गेलं. बर्लिनमध्ये जे उपकरण खोटं ठरलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं, ते त्यांनी खाली का ठेवलं नाही? हा प्रश्न मला छळतो. प्रामाणिकपणे मोजलं की उत्तर प्रामाणिकच येईल यावर त्यांचा विश्वास असावा. मला वाटतं त्यांच्याइतकी निष्ठा नसलेल्या हातांत ते उपकरण काय करतं, हे फिशर यांच्या घरात शिकूनही त्यांनी कमी लेखलं. तरीही त्या १४९ कवट्यांचं ऋण मोठं आहे.

दवाखान्यात हा विषय अजून जिवंत आहे. बाबांची श्वासाची तपासणी होती. नळीत फुंकायच्या आधी तंत्रज्ञ मुलगी पडद्यावर माहिती भरत होती. वय, उंची, आणि मग वंशाचा रकाना. कॉकेशियन, आफ्रिकन-अमेरिकन, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई. भारतीय नव्हतंच. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि 'इतर' दाबलं. त्या एका दाबण्यावर बाबांचं फुप्फुस किती टक्के चालतं ते ठरणार होतं. 'कॉकेशियन' हा शब्द १७९५ साली गटिंगेनच्या ब्लूमेनबाख यांनी रूढ केला, जॉर्जियातल्या एका बाईची कवटी त्यांना सगळ्यात देखणी वाटली म्हणून. आणि माणसांचे प्रकार एकमेकांत इतके मिसळतात की सीमा आखता येत नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलं होतं. काळ्या गुलामांची फुप्फुसं जन्मतःच लहान असतात, हे अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी अशाच यंत्रावर 'सिद्ध' केलं होतं. मूत्रपिंड किती चालतं ते काढायच्या सूत्रातला काळ्या रुग्णांसाठीचा वेगळा गुणक अमेरिकेत २०२१ मध्ये काढून टाकला, श्वासाच्या तपासणीसाठी वंशाचा रकाना नसलेली सूत्रं वापरा असं तिथल्या तज्ज्ञ संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं. आपल्याकडच्या यंत्रांतून तो रकाना जायला हवा, आणि डॉक्टरांनी तसा आग्रह धरायला हवा.

आमच्या भागात तर सिकलसेल आहे, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. पुस्तकांत कित्येक वर्षं तो 'काळ्यांचा आजार' होता, आपल्याकडे तो 'आदिवासींचा आजार' झाला. खरं म्हणजे तो मलेरियाच्या मुलखाचा आजार आहे, कारण त्या जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळतं. पश्चिम आफ्रिकेत आहे, ग्रीसच्या काही भागांत आहे, अरबस्तानात आहे, गडचिरोली-नंदुरबारला आहे. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत, ते काळे असूनही, जवळजवळ नाही. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो सापडतो. तरी आमच्या कॉलेजात एकदा तपासणी शिबिर झालं तेव्हा यादी आडनावांवरून केली होती. 'तू आदिवासी ना, तू ये. तू नको.' बोलावलेली मुलं मान खाली घालून गेली, न बोलावलेली खिडकीतून बघत होती. त्या न बोलावलेल्यांतल्या एका मुलीला नंतर बाळंतपणाच्या वेळी कळलं की ती वाहक आहे, आणि नवराही. दोघं वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे तिला अकरावीत कळायला हवं होतं.

तेव्हापासून शिबिराची यादी मी करते. हजेरीपट जसाच्या तसा देते, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. अहवाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हाती. पालक भांडायला येतात, 'आमच्यात हे नसतं' म्हणतात. त्यांना बसवून घेते, चहा मागवते आणि मलेरियापासून सुरुवात करते.